तुती लावण्याआधी: विदर्भातल्या कास्तकारांसाठी पहिल्या रेशीम बॅचची तयारी

आमची पहिली बॅच २०० अंडीपुंजांची (एका मादी पतंगाची अंडी म्हणजे एक पुंज) होती आणि हाती आले फक्त ४१ किलो कोष. बावीस दिवस अळ्या ठणठणीत होत्या. गावातले लोक येऊन बघून जात, आमचे मामाजी प्रत्येकाला दारातून डोकावायला लावत. मग पाला कमी पडला. धुऱ्यालगतच्या दोन ओळींना आम्ही तोवर हात लावला नव्हता, कारण पलीकडे शेजाऱ्यांची पऱ्हाटी होती. त्या दिवशी त्या ओळी कापल्या. संध्याकाळी पाला टाकला आणि सकाळी रॅकवर हिरवं पाणी ओकणाऱ्या, मान हलवत तडफडणाऱ्या अळ्या दिसल्या. शेजाऱ्यांनी आठवडाभर आधी फवारा मारला होता. त्यांची चूक नव्हती. वावर त्यांचं, बोंडअळी त्यांची.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या एकरभर तुतीवर वर्षाला चार बॅच निघतात, आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारायला घरी येतं. त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहून काढलंय. अळी मरते शेवटच्या आठवड्यात, पण तिच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा दोन महिने आधीच वावरात नाहीतर शेडमध्ये तयार झालेलं असतं. म्हणून क्रम मोडू नका: आधी पाला, मग शेड, आणि दोन्ही तयार झाल्यावरच अळी.

१. किडा कसा जगतो ते आधी नीट समजून घ्या

हे कुणी सांगत नाही. सगळे अनुदानाचं आणि एकरी उत्पन्नाचं बोलतात. पण रोजचं प्रत्येक काम या किड्याच्या चार अवस्थांवर बेतलेलं आहे: अंडी, अळी, कोषातली प्युपा आणि पतंग.

मादी पतंग साधारण ४०० ते ५०० अंडी घालते. एका मादीच्या अंड्यांना एक अंडीपुंज म्हणतात. म्हणजे १०० अंडीपुंज घेतले तर ४० ते ५० हजार अळ्यांचं पोट भरायची जबाबदारी तुमची. अंड्यातून निघते तेव्हा अळी काळी, केसाळ, मुंगीएवढी असते. ती फक्त तुतीचा पाला खाते. २४ ते २८ दिवसांत तिचं वजन जवळजवळ दहा हजार पट वाढतं, आणि या काळात ती चार वेळा कात टाकते. आपण त्याला मोल्ट म्हणतो. चार मोल्ट म्हणजे अळीच्या पाच अवस्था. आयुष्यभरात ती जेवढा पाला खाते, त्यातला ८० टक्क्यांहून जास्त एकट्या पाचव्या अवस्थेत, म्हणजे शेवटच्या सात-आठ दिवसांत खाते. आमचा पाला नेमका तेव्हाच कमी पडला होता.

पाचवी अवस्था संपली की अळी खाणं सोडते आणि दोन-तीन दिवस डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत स्वतःभोवती कोष विणते. एका कोषात सलग हजार-बाराशे मीटर धागा असतो. आत अळीची प्युपा होते, प्युपाचा पतंग होतो, आणि पतंग तोंडातला द्रव सोडून कोष एका टोकाला मऊ करतो नि भोक पाडून बाहेर येतो. भोक पडलं की तो सलग धागा तुटला, कोषाची किंमत गेली. म्हणून पतंग निघायच्या आत कोष विकावे लागतात, आणि धागा काढणारे लोक उष्णता देऊन आतली प्युपा मारतात. हे ज्यांना मनाला पटणार नाही त्यांनी या धंद्यात येऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. माझ्या जाऊबाई अजूनही कोष गाडीत भरताना शेडकडे येत नाहीत, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझ्या मुलीनं एकदा दहा कोष टोपलीत ठेवून घेतले होते. बाराव्या दिवशी पहाटे पांढरे पतंग निघाले. त्यांना पंख असतात पण उडता येत नाही, आणि ते काही खातही नाहीत. नर-मादी जुळतात, मादी अंडी घालते, थोड्या दिवसांत दोघंही मरतात. तुमच्या घरच्या पोरांना हे एकदा दाखवाच. पण ती अंडी पुढच्या बॅचला वापरू नका. आपण पाळतो त्या अळ्या संकरित असतात, त्यांची पुढची पिढी तशी निघत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यातच उतरतो. या रोगानं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा रेशीमधंदा बसवला होता. १८६५ पासून लुई पाश्चर यांनी त्याचा अभ्यास केला आणि अंडी घातल्यावर प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, रोगाचे कण दिसले तर तिची अंडी टाकून द्यायची, हा मार्ग घालून दिला. अधिकृत बीज केंद्रात आजही तेच केलं जातं. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ या शब्दामागे ही एवढी मेहनत आहे. ओळखीतून कुणी स्वस्तात किंवा फुकट अंडी देत असेल तर घेऊ नका.

२. नोंदणी आणि कागदपत्रं

राज्याचं रेशीम संचालनालय नागपूरलाच आहे आणि जिल्ह्याला जिल्हा रेशीम कार्यालय असतं. तिथं जाऊन तुती लागवडीसाठी नोंदणी करायची. महारेशीम अभियान बहुतेक हिवाळ्यात असतं, तेव्हा कार्यालयाचे लोक गावोगावी येतात. आम्ही त्याच वेळी एकरी ५०० रुपये भरून नाव नोंदवलं होतं. आमची लागवड आणि शेड रोजगार हमीतून झालं. ज्यांना त्यात बसता येत नाही त्यांच्यासाठी केंद्राची सिल्क समग्र योजना होती. योजनांची नावं, रकमा आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे यंदा काय चालू आहे ते कार्यालयातच विचारा, मागच्या वर्षी लाभ घेतलेल्या पाहुण्याला विचारून घरी आकडे मांडत बसू नका.

आम्हाला लागलेले कागद हे:

- चालू सातबारा आणि आठ-अ
- गटाचा नकाशा, चतुःसीमेसह
- आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो
- रोजगार हमीसाठी जॉब कार्ड आणि ग्रामपंचायतीचा ठराव
- सामाईक जमीन असेल तर बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र
- लागू असेल त्यांच्यासाठी जातीचा दाखला

इथं दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं म्हणजे विहीर. वावरात विहीर असते, पाणीही असतं, पण सातबाऱ्यावर नोंद नसते. ती नोंद तलाठ्याकडून आधीच लावून घ्या, ऐन वेळी महिना जातो. दुसरं म्हणजे पैसे टप्प्याटप्प्यानं आणि उशिरा येतात. शेडचा पहिला खर्च स्वतः करायची तयारी नसेल तर एक वर्ष थांबलेलं बरं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं शेडसाठी सावकाराकडून रक्कम उचलली आणि दोन वर्षांचे कोष व्याजातच गेले. हे लिहिताना आजही वाईट वाटतं, कारण त्यांचं काम आमच्यापेक्षा चांगलं होतं.

३. तुतीची लागवड

पाणी किती आहे यावरून सुरुवात करा. तुतीला बारमाही पाणी लागतं, ठिबक असेल तर उत्तम. मार्चनंतर विहीर तळ गाठत असेल तर एकरभर लावू नका, अर्धा एकर लावा.

जमीन निचऱ्याची हवी. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात आणि झाडं एकेक करून वाळतात. अशा वावरात उंच सऱ्या काढून वरंब्यावर लावा, आणि पाणी बाहेर काढायला चर ठेवा.

आमची व्ही-१ जात आहे. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेनं काढलेली ही जात महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दिसेल. जोडओळ पद्धतीत पाच आणि तीन फुटांच्या ओळी आणि दोन झाडांत दोन फूट असं अंतर ठेवलं की एकरात ५,४४५ झाडं बसतात. पाच फुटांच्या पट्ट्यातून डवरा नाहीतर छोटा ट्रॅक्टर जातो, ही मोठी सोय आहे, कारण तण हातानं काढायचं ठरवलं तर मजुरीच पुरणार नाही.

बेण्यानं थेट लागवड स्वस्त पडते पण तुटाळ फार होते. तीन-चार महिन्यांची रोपं लावलेली चांगली. रोपवाटिका फेब्रुवारी-मार्चमध्ये घरीच करा: सहा ते आठ महिन्यांच्या फांदीचे पेन्सिलीएवढे जाड, तीन-चार डोळ्यांचे तुकडे. पाऊस पडून ओल झाली की जून-जुलैत वावरात न्या. एकरी आठ टन कुजलेलं शेणखत दरवर्षी द्यावं लागतं. ते आधीच गोळा करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ट्रॉलीमागे पळावं लागतं.

लागवडीच्या पहिल्याच वर्षी घाई करू नका. पाच-सहा महिन्यांनी पाला येतो, पण झाड अजून कोवळं असतं. पहिल्या वर्षी एखाद-दुसरी छोटी बॅच, तीही हात बसावा म्हणून. नीट सांभाळली तर ही बाग बारा-पंधरा वर्षं चालते.

फवाऱ्याचा धोका विदर्भात सगळ्यांत मोठा आहे. चारी बाजूंना पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, आणि जुलै ते नोव्हेंबर कुठं ना कुठं पंप चालू असतो. आम्ही आता हे पाळतो:

- शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो की फवारायच्या आदल्या दिवशी निरोप द्या. पहिली दोन वर्षं त्यांनाही हे विचित्र वाटलं. आता ते स्वतः फोन करतात, आणि आम्ही पोळ्याला त्यांच्या घरी पुरणपोळी पाठवतो.
- धुऱ्यावर शेवरीची दाट ओळ आहे. उडून येणारे थेंब बऱ्यापैकी अडतात.
- धुऱ्यालगतच्या चार ओळी अळीला घालत नाही. तो पाला शेळ्यांनाही घालत नाही, जमिनीतच गाडतो.
- तुतीसाठी पंप वेगळा. कपाशीचा पंप कितीही धुतला तरी चालत नाही. तणनाशकाचा तर मुळीच नाही.
- शंका आली की आधी पन्नास-शंभर अळ्या वेगळ्या टोपलीत घेऊन त्यांना तो पाला घालतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघतो. हे पहिल्या बॅचला केलं असतं तर ऐंशी किलो कोष वाचले असते.

शेंडे गोळा होऊन पानं चुरगळली तर तो मिलीबग या किडीमुळे होणारा तुक्रा रोग आहे. असे शेंडे खुडून जाळून टाका. औषध मारायची वेळ आलीच तर कोणतं मारायचं आणि किती दिवसांनी पाला वापरायचा हे रेशीम कार्यालयाच्या तांत्रिक माणसाला विचारूनच ठरवा. कृषी केंद्राचा दुकानदार पऱ्हाटी ओळखतो, अळी ओळखत नाही.

४. शेड

एकरभर तुतीला साधारण ५० फूट लांब आणि २० ते २२ फूट रुंद शेड लागतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर ऊन कमी येतं. रॅक पाच फूट रुंद आणि चार-पाच कप्प्यांचं असावं. पाच फूटच का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. १०० अंडीपुंजांच्या अळ्यांना शेवटच्या आठवड्यात ६०० ते ७०० चौरस फूट जागा लागते, त्यावरून कप्पे मोजा. दाटी झाली की अळ्या एकमेकींच्या विष्ठेत लोळतात आणि रोग तिथूनच सुरू होतो.

सगळ्या खिडक्यांना आणि दाराला बारीक नायलॉन जाळी हवी, अळीच्या अंगावर अंडी घालणाऱ्या उझी माशीसाठी. दाराला दुहेरी कप्पा करा, म्हणजे एक पडदा मागं पडल्यावरच दुसरा उघडेल. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत. पाली, उंदीर आणि खारी यांची बिळं बॅच यायच्या आधी बुजवा.

आपल्याकडचा उन्हाळा हा मोठा प्रश्न आहे. मोठ्या अळीला २४-२५ अंश मानवतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर असतो. नुसते टिनाचे पत्रे टाकले तर आत भट्टी होते. पत्र्यावर तणस नाहीतर पऱ्हाटीच्या काड्यांचा जाड थर, बाजूंना ओले गोणपाट, आत कूलर, आणि शेडभोवती झाडं, एवढं करूनही आम्ही एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बॅच घेत नाही. तो काळ शेडच्या दुरुस्तीचा, बागेच्या विश्रांतीचा आणि लग्नसराईचा. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी वाढली की अळी खाणं कमी करते, तेव्हा हीटर लावा. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये ठेवू नका, अळीला आणि रात्री तिथं झोपणाऱ्या माणसाला, दोघांनाही त्या धुराचा धोका आहे.

५. अळी यायच्या आधीची सफाई

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त कोष यातच वाचतात. बॅच यायच्या आठ दिवस आधी रॅक, जाळ्या, चंद्रिका (पिकलेल्या अळ्या कोष विणायला ज्यावर ठेवतात त्या), टोपल्या, विळे, सगळं धुऊन उन्हात वाळवा. मग २ टक्के ब्लीचिंग पावडरच्या चुन्याच्या पाण्यानं शेड आतून छपरापर्यंत भिजवा, आणि शेडबाहेरची चार हात जमीनसुद्धा. ब्लीचिंग पावडर ताजी, वास येणारी हवी. उघडी पडलेली पावडर निकामी झालेली असते. तोंडाला रुमाल बांधा, डोळे सांभाळा.

दारात चुना-ब्लीचिंगचं पायपुसणं, आत वेगळ्या चपला, हात धुवायला पाणी. आणि खर्रा शेडबाहेर. तंबाखूतलं निकोटीन अळीला विष आहे. खर्रा घोटलेल्या हातानं पाला टाकला तर अळ्या ओकतात. मच्छर अगरबत्ती आणि कॉइलही तसंच. आमच्याकडे हा नियम मामाजींनी स्वतः पाळला, मग गड्यांना सांगणं सोपं गेलं.

६. चॉकीची मागणी

अंडी घरी उबवायचा प्रयत्न नवख्यानं करू नये. पहिल्या दोन अवस्थांना २७-२८ अंश उष्णता आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता सतत लागते. या लहान अळ्यांच्या संगोपनालाच चॉकी म्हणतात, आणि ते काम चॉकी सेंटरवर होतं. दुसरा मोल्ट उठलेल्या अळ्या तिथून आणायच्या, म्हणजे तुमच्याकडे अठरा-वीस दिवसांचंच काम राहतं.

मागणी महिनाभर आधी नोंदवा आणि तारीख तुतीच्या छाटणीवरून ठरवा. छाटणीनंतर पाला साधारण ४५ ते ६० दिवसांनी तयार होतो. पाला मोजायचा सोपा उपाय: बागेतल्या वेगवेगळ्या जागची दहा झाडं कापून नुसत्या पाल्याचं वजन करा, सरासरीला झाडांच्या संख्येनं गुणा. १०० अंडीपुंजांना फांद्या सोडून नुसता पाला १,००० ते १,२०० किलो लागतो. जेवढ्या अंडीपुंजांना पाला पुरेल त्याच्या पाऊणपटच मागवा. ‘बघू, कमी पडला तर कुणाकडून घेऊ’ हा विचार आम्ही केला होता.

अळ्या पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर आणा.

७. खाणं आणि मोल्ट

पाला सकाळी लवकर आणि संध्याकाळी कापा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. फांद्यांसकट बेडवर, म्हणजे रॅकवरच्या अळ्यांच्या थरावर टाकायचा, दिवसातून दोन-तीन वेळा. तिसऱ्या अवस्थेला मऊ पाला, पाचवीला जून चालतो. पावसानं भिजलेला पाला तसाच टाकू नका, पंख्याखाली वाळवा. दर वेळी टाकताना अळ्या थोड्या पसरवत जा.

मोल्ट ओळखणं हीच खरी शिकवणी. अळी खाणं थांबवते, अंग चकाकतं, डोकं वर उचलून स्थिर बसते, देवापुढं ध्यान लावल्यासारखी. हा काळ साधारण दिवसभराचा असतो. या वेळी पाला टाकायचा नाही, बेड हलवायचा नाही, चुना भुरभुरवून बेड कोरडा ठेवायचा. शंभरातल्या पंचाण्णव अळ्या उठल्याशिवाय पाला द्यायचा नाही. पाचपन्नास उठलेल्या बघून जीव कळवळतो आणि माणूस पाला टाकतो. मग काही अळ्या पुढं जातात, काही मागं राहतात, आणि शेवटी कोष एकाच वेळी पिकत नाहीत. उठलेल्या अळ्या उपाशी राहिल्या तर काही होत नाही, त्यांना थांबता येतं. अळ्या उठल्यावर, पाला देण्याआधी, कार्यालय सांगेल ती बेडवरची पावडर धुरळा. पुडक्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा.

रोज सकाळी बॅटरी घेऊन प्रत्येक कप्पा बघा. फुगलेली, चकचकीत, कडेकडेनं फिरणारी, बोट लागताच दुधासारखं पाणी सोडणारी अळी म्हणजे ग्रासरी. मऊ पडलेली, पातळ हगवण असलेली म्हणजे फ्लॅचरी. थंडीत आणि ओल्या हवेत मेल्यावर खडूसारखी पांढरी, कडक होते ती मस्कार्डीन. अंगावर काळा डाग असेल तर उझी माशीनं अंडं घातलेलं आहे. अशी अळी चिमट्यानं उचलून चुना-ब्लीचिंगच्या पाण्यात टाका, नंतर खोल पुरा. कोंबड्यांना घालू नका, रोग अंगणभर फिरतो. मोजून वहीत लिहा. रोज पाच-दहा निघणं चालतं. आकडा दुप्पट होत गेला तर त्याच दिवशी कार्यालयात फोन करा.

८. शेवटचे आठ दिवस आणि चंद्रिका

चौथा मोल्ट उठला की घरात दुसरं काम ठेवू नका. या आठवड्यात रात्री शेडमध्ये उभं राहिलात तर पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा पाला खाण्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी मुद्दाम रात्री दहा वाजता जाते. शेड मोकळं ठेवा, हवा खेळती ठेवा. जाळीला बाहेरून प्लास्टिक लावून सगळं बंद करणारे लोक मी बघितलेत, आतल्या कोंदट हवेनंच बॅच बसते.

पिकलेली अळी खाणं सोडते, थोडी आखडते, अंग पिवळसर आणि आरपार दिसणारं होतं, विष्ठा मऊ होते आणि ती डोकं वर करून जागा शोधू लागते. तिला प्लास्टिकच्या चंद्रिकेवर ठेवा, एका चौरस फुटाला चाळीसच्या आसपास. कच्ची अळी चढवली तर ती फिरत राहते आणि कोष पातळ होतो. उशीर केला तर ती पाल्यातच विणते. दाटी झाली तर दोन अळ्या मिळून एक जुळा कोष करतात, त्याला भाव नाही. विणण्याआधी अळी भरपूर पाणी सोडते, तेव्हा चंद्रिकेखाली कागद अंथरा आणि हवा चालू ठेवा, नाहीतर कोष डागी होतात.

विणायला लागल्यावर दोन-तीन दिवस चंद्रिका हलवू नका. सहाव्या-सातव्या दिवशी चार-पाच कोष कापून बघा. प्युपा तपकिरी आणि टणक झाली असेल तर काढणी करा. पिवळट, मऊ असेल तर एक दिवस थांबा. मऊ प्युपा वाटेत फुटते आणि आजूबाजूचे कोषही खराब करते.

९. विक्री

काढल्याबरोबर निवडा. चांगले, डागी, जुळे आणि पोचट असे ढीग वेगळे. चांगल्यात मूठभर डागी मिसळले तर सगळ्या लॉटचा भाव उतरतो, व्यापारी हात घालून तळातलेच कोष काढतो. पोती ठासून भरू नका, हवा लागेल अशी सैल भरा आणि प्रवास रात्रीचा ठेवा. पतंग निघायला फारसे दिवस उरलेले नसतात, त्यामुळे भाव वाढेल म्हणून घरी ठेवता येत नाहीत. आधीच गाडी ठरवा. चार-पाच कास्तकारांनी एकाच तारखेची चॉकी घेतली तर गाडीभाडं वाटलं जातं.

आधी सगळा माल कर्नाटकात रामनगरला जायचा. २०१८ पासून जालन्याला कोषबाजार सुरू झाल्यावर आपला प्रवास बराच कमी झाला. निघण्याआधी दोन्हीकडचा त्या दिवसाचा भाव फोनवर घ्या. मी वर्षाचा हिशोब करताना किलोला ३०० रुपयेच धरते. २०० अंडीपुंजांना १२० किलो निघाले तर ३६,००० रुपये, त्यातून चॉकी, औषधं, भाडं आणि मजुरी वजा. स्वतःच्या घरच्यांची मजुरीही मांडा, बायांची तर नक्कीच, कारण पाला टाकण्याचं नि अळ्या निवडण्याचं बहुतेक काम त्याच करतात. जास्त भाव मिळाला तर आनंदच, पण कर्ज त्या आशेवर काढू नका.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या वाचकांसाठी

तुमच्याकडे दुसरंही रेशीम आहे: टसर, म्हणजे कोसा. त्याची अळी वेगळी. ती ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावरच वाढते, आणि आरमोरीकडचे ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ती पाळत आले आहेत. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून राखण करायला त्यांना आठवडेच्या आठवडे जंगलात खोपी करून राहावं लागतं. करवतकाठी साडीचा धागा तोच. वर लिहिलेलं शेड, चॉकी, चंद्रिका हे त्या किड्याला लागू नाही. तो शिकायचा असेल तर त्या राखणदारांपाशी एक हंगाम राहा.

१०. बॅच संपल्यावर

बाजारातून आल्यावर दमलेलो असतो, पण बेडवरची विष्ठा आणि काड्या दुसऱ्याच दिवशी शेडबाहेर काढा. त्या ताज्या तुतीत टाकू नका, रोगाचे जंतू परत बागेत जातात. दूर खड्ड्यात भरून तीन-चार महिने कुजू द्या, मग ते उत्तम खत होतं. शेड आणि चंद्रिका लगेच धुवा, वाळलेली घाण नंतर निघत नाही. बागेची छाटणी त्याच आठवड्यात करा, मग खत आणि पाणी. छाटणीची तारीख, आलेले अंडीपुंज, रोज मेलेल्या अळ्या आणि निघालेले किलो, एवढं आम्ही शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहितो. पुढच्या चॉकीची मागणी त्याच तारखेवरून मोजायची असते.